वहिनींचं जर्मन

वहिनींना जर्मन भाषेतले भलतेच शब्द हवे असायचे. बाकीची माणसं घर मिळावं, नोकरी टिकावी, सरकारी पत्र वाचता यावं म्हणून भाषा शिकतात. वहिनी विचारायच्या, “उचकीला काय म्हणतात गं?” शनिवारची दुपार, जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरातली हेर्नगार्टन बाग, तळ्याकाठच्या गवतावर आम्ही पाचजण पसरलेलो, बदकं चिवड्याच्या आशेनं हळूहळू जवळ सरकत असलेली, कुणीतरी ऑफिसातलं रडगाणं रंगात येऊन सांगतंय, आणि मध्येच वहिनींची उचकी. “श्लुकआउफ,” मी सांगायचे. वहिनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवायच्या आणि पर्समधून पेन काढून बेकरीच्या कागदी पिशवीवर लिहायच्या. वही त्यांनी कधी आणली नाही. येताना त्या कोपऱ्यावरच्या बेकरीतून सगळ्यांसाठी पाव घेऊन यायच्या. पाव आम्ही संपवायचो, पिशवी त्या नीट घडी घालून घरी न्यायच्या.

एकदा त्यांनी ‘मुंग्या येतात’ला शब्द विचारला. “अगं, पायाला येतात त्या.” निखिल म्हणाला, “आल्झो, म्हणजे असं की यांच्याकडे मुंग्या येत नाहीत वहिनी, पाय झोपतो.”

“झोपतो?” वहिनी एवढ्या मोठ्यानं हसल्या की पलीकडच्या चादरीवरची दोन जर्मन पोरं वळून बघायला लागली. “बरं आहे बाई. आमच्या नशिबी मुंग्या, ह्यांच्या नशिबी झोप.”

मग ‘पाठ खाजवू का’ झालं, ‘उशी उंच होते का’ झालं, ‘कूस बदलायची का’ झालं. ‘रुसणं’ विचारलं तेव्हा निखिल म्हणाला, “वहिनी, बी-वनच्या परीक्षेत रुसण्याफुगण्यावर प्रश्न येत नाही हं.” आम्ही सगळे हसलो, वहिनीही हसल्या. नागरिकत्वासाठी लागणाऱ्या त्या भाषेच्या परीक्षेची त्या तयारी करताहेत, असं आमचं आम्हीच ठरवून टाकलं होतं. त्यांनी ते कधी खोडून काढलं नाही.

मी तेव्हा इथल्या युनिव्हर्सिटीत मास्टर्स करत होते. पहिला हिवाळा मी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातल्या एका खोलीत काढला. मजल्यावर सातजण होते, स्वयंपाकघर एकच होतं, आणि तिथे भेटलं की सगळे एकमेकांना ‘हॅलो’ म्हणून आपापलं भांडं घेऊन खोलीत जात. आईला मी फोनवर सांगायचे की मला खूप मैत्रिणी मिळाल्या आहेत. मैत्रिणींची नावंही मी बनवली होती. एप्रिलमध्ये इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप आला: ‘शनिवारी दीड वाजता हेर्नगार्टन, तळ्याजवळ. सतरंजी मी आणते. ज्याला कुणी नाही त्यानं यावं, ज्याला आहे त्यानंही यावं.’ मी गेले. तिथे तो निरोप पाठवणाऱ्या वहिनी होत्या, अवकाश केंद्रात सॉफ्टवेअरचं काम करणारा निखिल होता, आणि औषध कंपनीतला प्रसाद व त्याची बायको सायली. पहिल्याच दिवशी प्रसादनं ‘वहिनी’ अशी हाक मारली, ती आम्ही सगळ्यांनी उचलली. त्या कुणाच्या वहिनी, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या नवऱ्याला, दादांना, आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. विचारलं की वहिनी म्हणायच्या, “ह्यांना गर्दी सोसत नाही.”

वहिनी मूळच्या मिरजेच्या, वय पन्नाशीच्या अलीकडे. सावलीत त्या कधी बसल्या नाहीत. आम्ही झाडाखाली सरकायचो, त्या सतरंजीचं उन्हातलं टोक धरून, पाय लांब करून, चेहरा वर उचलून बसायच्या. जुलैच्या कडक उन्हातसुद्धा. सायली म्हणायची, “अहो वहिनी, डोकं दुखेल.” त्या डोळे न उघडता म्हणायच्या, “दुखू दे की. ऊन आठवड्यातनं एकदाच भेटतंय.” आम्हाला वाटायचं, जर्मनीतल्या ढगाळ हवेबद्दल बोलताहेत.

त्यांचं एक म्हणणं होतं की पार्कात येऊन काही करायचं नसतं. प्रसाद फ्रिस्बी आणायचा, निखिल पत्ते आणायचा. वहिनी दोन्ही बाजूला ठेवायला लावायच्या. “दिवसभर करतोयच की काहीतरी. इथं नुसतं बसा. चार माणसं आपल्या बाजूला नुसती बसलीत, ह्याच्यापरीस जास्त काय पाहिजे?” आणि खरंच, त्या बागेत मी वर्षभरात पहिल्यांदा कुणाच्यातरी शेजारी, काही न बोलता, आरामात बसले. परीक्षेत नापास झाले तेव्हा मी आईच्या आधी वहिनींना सांगितलं. त्यांनी समजूत वगैरे काही घातली नाही. डब्यातलं थालीपीठ काढून माझ्या हातावर ठेवलं आणि मी ते खाऊन होईपर्यंत माझ्या पाठीवर हात ठेवून बसल्या.

एवढ्या मायाळू बाईबद्दल आमच्या मनात एक अढी होती, हे आज लिहिताना लाज वाटते. साडेचार वाजले की वहिनी उठायच्या. गप्पा कितीही रंगात असोत, त्या पर्स खांद्याला लावून “चला, येते” म्हणायच्या आणि ट्रामच्या दिशेनं जवळजवळ पळतच सुटायच्या. एकदा आम्ही सगळे रोझेनह्योहेच्या बागेत गुलाब बघायला गेलो होतो. वाटेत ट्राम अडकली, पोचायलाच साडेचार वाजले. वहिनींनी फाटकातूनच आत नजर टाकली, “छान आहेत,” म्हणाल्या, आणि परत फिरल्या. त्यांनी कधी कुणाला घरी बोलावलं नाही. पत्ताही कधी सांगितला नाही. आम्ही आपसांत म्हणायचो, नवरा तापट असणार, बायकोला वेळेची बेडी घालणारा. आणि इतक्या वर्षांनीही त्याला घाबरून पळणाऱ्या वहिनींचा आम्हाला थोडा राग यायचा.

ऑगस्टमध्ये निखिलचा वाढदिवस होता. शहराच्या उत्तरेकडच्या मोठ्या बागेत, जिथे शेगडी पेटवायला परवानगी असते, तिथे आम्ही मक्याची कणसं आणि पनीर भाजत होतो. कोळसा पेटता पेटत नव्हता, सगळ्यालाच उशीर झाला. केक कापायच्या आधीच वहिनी उठल्या. त्या दिवशी मला राहवलं नाही.

“वहिनी, एक शनिवार तरी पूर्ण थांबा की,” मी म्हणाले. “दादा काय लहान आहेत का?”

वहिनींनी पर्सचा बंद घट्ट धरला. मला वाटलं, आता रागावतील. त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “होय गं. लहानच आहेत.” आणि गेल्या.

पुढच्या शनिवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. निरोपांना उत्तर नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात मी ग्रुपवर विचारत विचारत त्यांच्या पत्त्यापर्यंत पोचले आणि न कळवता जाऊन बेल वाजवली. वहिनींनी दार उघडलं. केस विस्कटलेले, हातात ओला टॉवेल. मला बघून त्यांना आनंद झाला की संकोच, ते मला सांगता येणार नाही. “ये,” म्हणाल्या. “ह्यांना सांभाळायला शनिवारी येणारी बाई आजारी पडली. बदली माणूस मिळंना. म्हणून आले नाही गं. तुझ्यावर राग नव्हता.”

आत खिडक्यांच्या झडपा उतरवलेल्या होत्या. दादांच्या डोक्याला उजेड सोसत नसे म्हणून. अर्धवट अंधारात, खुर्चीत एक उंच, हडकुळा माणूस बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि स्पष्ट उच्चारात म्हणाले, “गूटन टाग.”

“नमस्कार दादा,” मी म्हणाले. त्यांचा चेहरा कोराच राहिला.

स्वयंपाकघरात चहा ठेवता ठेवता वहिनींनी सांगितलं. दादा मेकॅनिकल इंजिनियर, पंपांची डिझाइनं करायचे. बॉनच्या बाजूला नोकरी होती. दोन वर्षांपूर्वी ऑफिसातच मेंदूत रक्तस्राव झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मूलबाळ नव्हतं. लिफ्टचं घर आणि उपचारांची सोय इथे मिळाली म्हणून डार्मश्टाटला आले. बोलणं शिकवायला आठवड्यातून दोनदा एक बाई यायची, ती अर्थातच जर्मन. आठ महिन्यांनी वाचा थोडी परत आली. पन्नाससाठ शब्द. सगळे जर्मन.

“आणि मराठी?” मी विचारलं.

“मराठी नाही आली.” वहिनी गाळणं शोधत होत्या. गाळणं समोरच होतं. “डॉक्टर म्हणतात, होतं असं एखाद्याचं. मी बोलले की नुसते बघत राहतात. कळतंय का नाही, ते पण कळत नाही. चोवीस वर्षं संसार केला मेधा, आणि मला यांच्याशी बोलायला येत नाही. बाहेरचं सगळं हेच बघायचे ना. मी ते भाषेचे वर्ग दोनदा सुरू केले अन् दोनदा सोडले.”

फ्रिजच्या दारावर बेकरीच्या कागदी पिशव्या चिकटवलेल्या होत्या. वहिनींच्या गोल अक्षरात, देवनागरीत: श्लुकआउफ. उचकी. त्याखाली खाज, उशी, कूस, रुसणं. आमचे सगळे शनिवार त्या दारावर लावलेले होते. ज्या शब्दांना आम्ही हसलो होतो, तेच त्या दर शनिवारी पाचच्या आत घरी आणत होत्या, कारण पाचला ती सांभाळणारी बाई निघून जायची.

चहा घेऊन आम्ही बाहेर आलो. वहिनी दादांसमोर वाकून म्हणाल्या, “म्यॉख्टन झी टे?”

मी चमकले. ‘चहा घेणार का?’ हे वाक्य बरोबर होतं, पण ‘झी’ म्हणजे परक्या माणसाला, साहेबाला, कचेरीतल्या कारकुनाला म्हणायचं ‘आपण’. आणि चूक माझी होती. मागे कधीतरी त्यांनी विचारलं होतं, ‘अहो’ला काय म्हणतात, आणि मी फार विचार न करता ‘झी’ सांगून मोकळी झाले होते.

“वहिनी, नवऱ्याला कुणी झी म्हणत नाही. डू म्हणतात.”

“म्हणजे अरे-तुरे?”

“हो.”

“छे गं बाई.” वहिनींनी कप खाली ठेवला. “सासूबाई असत्या तर…” पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. बराच वेळ त्या पदर नसलेल्या खांद्यावर उगाच हात फिरवत राहिल्या. मग घसा साफ केला आणि दादांकडे न बघता, भिंतीकडे बघत म्हणाल्या, “म्यॉख्टेस्ट… डू टे?”

वाक्य मध्येच अडखळलं. पण दादांच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली. त्यांना हसू आलं होतं. “एंडलिश,” ते म्हणाले.

“काय म्हणाले? काय म्हणाले गं?”

“म्हणाले, एकदाचं.”

वहिनी आत निघून गेल्या. नळ बराच वेळ चालू होता.

मी निखिलला आणि प्रसाद-सायलीला सगळं सांगितलं. सप्टेंबरमध्ये एका शनिवारी आम्ही चौघे त्यांच्या घरी गेलो आणि दादांना चाकांच्या खुर्चीतून ट्राममध्ये चढवून हेर्नगार्टनमध्ये आणलं. डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर टोपी, पायांवर वहिनींची शाल. आणि दादांसाठी म्हणून आम्ही सगळे मराठी लोक त्या गवतावर बसून मोडकंतोडकं जर्मन बोलत होतो. चार मित्रांना आपापसांत परकी भाषा बोलायला फार विचित्र वाटतं. जीभ अडखळते, विनोद पडतात. निखिलनं केक पुढे केला आणि म्हणाला, “दास कूखन…”

“डेअर,” दादा म्हणाले.

“काय?”

“डेअर कूखन.” केक पुल्लिंगी आहे, हे त्यांनी डावं बोट उचलून सांगितलं. पंपाच्या नकाशात चूक दाखवावी तसं. पुढच्या तासाभरात त्यांनी प्रत्येकाच्या दोनदोन चुका काढल्या. वहिनींच्या सर्वांत जास्त काढल्या, आणि प्रत्येक चुकीला वहिनींचा चेहरा उजळत गेला. मी त्यांना इतकं सुखात कधी पाहिलं नाही. अशा बैठका आमच्या एकूण चार झाल्या. मग ऑक्टोबरचा गारठा पडला, पानं ओली होऊन रस्त्याला चिकटायला लागली, आणि डॉक्टरांनी बाहेर न्यायला मनाई केली.

जानेवारीत दुसरा झटका आला. वहिनींचा फोन आला तेव्हा मी लायब्ररीत होते. हॉस्पिटलमध्ये पोचले तर डॉक्टर, एक तरुण बाई, वहिनींशी बोलायला थांबली होती. आता शुद्ध पूर्ण परत येण्याची आशा नव्हती. श्वासासाठी नळी घालायची की नाही, हे कुटुंबानं ठरवायचं होतं. ती मला म्हणाली, “तुम्ही भाषांतर कराल का? आपण बाहेर जाऊन बोलू.”

मी वहिनींना मराठीत सांगायला लागले. त्यांनी माझा हात दाबला.

“नको. बाहेर नको, अन् मराठीत पण नको. त्यांच्याबद्दल ठरवायचं, अन् त्यांना कळणार नाही असं बोलायचं? इथंच बोलू. मी बोलते.”

मग वहिनी डॉक्टरशी जर्मनमध्ये बोलल्या. हळू बोला म्हणाल्या. माझा नवरा ऐकतो आहे म्हणाल्या. पुन्हा चालतील का, पुन्हा बोलतील का, दुखेल का, एवढं विचारलं. प्रत्येक उत्तर त्यांना पहिल्या खेपेला कळलं. मी फक्त उभी होते. शेवटी त्या पलंगाशी वाकल्या आणि दादांच्या कानाशी त्या भाषेत म्हणाल्या, “नळी घालणार नाहीत. मी इथंच आहे. तू झोप.” वाक्यांमध्ये व्याकरणाच्या चुका होत्या. ‘तू’ मात्र आता सहज आलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा गेले. शेवटी काही बोलले का, मी विचारलं नाही, वहिनींनी सांगितलं नाही.

अस्थी भारतात न्यायच्या म्हणजे इथे पुष्कळ कागद लागतात. मी बरोबर जात असे, पण खिडकीशी वहिनीच बोलायच्या. त्या दोन महिन्यांत त्यांचं हसणं मी एकदाही ऐकलं नाही. आम्ही शनिवारी कुणाच्यातरी घरी बोलवायचो, त्या यायच्या, सतरंजीवर बसायच्या. पण आता त्या काही विचारत नसत. एकदा मी मुद्दाम म्हणाले, “वहिनी, आज कुठला शब्द हवाय?” त्या म्हणाल्या, “आता कुणासाठी गं?”

एप्रिलमध्ये त्या मिरजेला भावाकडे कायमच्या निघाल्या. विमानतळाच्या बसथांब्यावर मी आणि निखिल सोडायला गेलो. अस्थींची पेटी त्यांनी कुणाच्या हातात दिली नाही. बस यायला वेळ होता. त्या मला म्हणाल्या, “तिकडं सगळे मराठीच बोलतील गं.”

“हो ना,” मी म्हणाले. “आता तुम्हाला बरं वाटेल.”

वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी चुकीचं बोलले एवढं मला कळलं. काय चुकलं, ते कळलं नाही. बस आली. निखिलनं वाकून नमस्कार केला, आणि इतका थट्टेखोर मुलगा, मान वर करेचना.

आमचा कंपू त्यानंतर फुटला. निखिल नोकरी बदलून बर्लिनला गेला. प्रसाद-सायलीला मुलगी झाली, त्यांचे शनिवार आता वेगळे आहेत. मला इथेच नोकरी लागली. चांगलं ऊन पडलं की मी एकटीच हेर्नगार्टनमध्ये जाऊन बसते. नवीन मुलं येतात, कधीकधी मराठी कानावर पडतं. मी उठून ओळख करून घेत नाही. वहिनींनी केली असती.

जून महिन्यातली गोष्ट. मी तळ्याकाठी बसले होते आणि मिरजेहून फोन आला. तिकडे संध्याकाळ होती. वहिनींचा आवाज थकलेला होता. भाऊ-भावजय चांगले आहेत, म्हणाल्या, सगळे फार जपतात. खायला-प्यायला, बोलायला-चालायला काही कमी नाही.

“मेधा, कामात आहेस का?”

“नाही वहिनी. पार्कात आहे.”

“मग जरा बोल की गं. जर्मनमध्ये बोल. काही पण.”

“काय बोलू?”

“काय दिसतंय ते सांग. इथं कुणाच्याच तोंडून ऐकू येत नाही गं. हे गेले, तसं ते बोलणं पण गेलं. मी एकटीच खोलीत बोलून बघते, पण समोरनं कुणी चूक काढत नाही.”

मी बोलायला लागले. तळं आहे, म्हटलं. तळ्यात बदकं आहेत. एक म्हातारा सायकल ढकलत चालला आहे. एक मुलगी गवतावर झोपली आहे, तिच्या तोंडावर पुस्तक आहे. पलीकडून वहिनी एकेक शब्द हळूच माझ्या मागून म्हणत होत्या. नाक ओढल्याचा आवाज येत होता. मी थांबले की त्या “हं” म्हणायच्या, आणि मी पुढचं सांगायचे. असं दहाएक मिनिटं चाललं असेल. तेवढ्यात तिकडे दार वाजलं आणि त्यांच्या भावजयीचा आवाज आला.

“वन्सं, कुणाशी बोलताय? अन् कुठली भाषा ही?”

“आमच्या घरातली,” वहिनी म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, “हं, बोल.”